सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप: अवांतर गप्पांना शिस्त लावण्याचा योग्य क्रम

आमच्या सोसायटीत मे महिन्यात पाण्याची टाकी धुवायचे ठरले. सकाळी सहा ते दुपारी दोन पाणी बंद राहणार, ही सूचना सचिव या नात्याने मी आदल्या रात्री सव्वानऊ वाजता ग्रुपवर टाकली. त्याच दिवशी दहावीचा निकाल लागला होता. सूचनेच्या आधी आणि नंतर मिळून साठाहून अधिक अभिनंदने, पुष्पगुच्छांची चित्रे आणि पेढ्यांच्या डब्यांचे फोटो जमले आणि सूचना त्यांच्या तळाशी गेली. बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघ्याचे ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी सकाळी सात वाजता नळ सोडला, तेव्हा तो कोरडा होता आणि घरात भरून ठेवलेले पाणी एक कळशीभर होते. त्या दिवशी दुपारी ग्रुपवर ‘फालतू मेसेज टाकणाऱ्यांना काढून टाकण्यात येईल’ असा दम भरला गेला, संध्याकाळपर्यंत वाद पेटला आणि तीन कुटुंबांनी ग्रुप सोडला.

बहुतेक सोसायट्यांमध्ये हीच चूक होते: आधी दम दिला जातो, भांडण झाले की नियम लिहिले जातात आणि गप्पांसाठी वेगळी जागा असावी हा विचार सर्वांत शेवटी येतो. हा क्रम उलटा करावा लागतो. आधी जागा तयार करावी, मग नियम ठरवावेत, त्यानंतर लोकांना सवय होण्यासाठी वेळ द्यावा आणि कारवाई अगदी अखेरीस करावी. या लेखात अवांतर म्हणजे ज्या कामासाठी ग्रुप आहे त्या कामाशी संबंध नसलेला कोणताही संदेश, मग तो कितीही चांगल्या मनाने पाठवलेला असो.

टप्पा १: बदल करण्याआधी पंधरा दिवस मोजणी करावी

ग्रुपवर नेमके काय चालते याविषयी प्रत्येकाची कल्पना वेगळी असते. कमिटीला वाटते की राजकारण फार होते, तरुणांना वाटते की सुप्रभातचा पूर येतो, तर ज्येष्ठांना वाटते की तक्रारींशिवाय दुसरे काही नसते. म्हणून मागील पंधरा दिवसांचे संदेश वर सरकवत पाहावेत आणि एका कागदावर सहा रकाने करून रेघा माराव्यात: सूचना, तक्रार, मदतीची विचारणा, शुभेच्छा, फॉरवर्ड आणि वाद. हे काम एकट्याने न करता दोघांनी वेगवेगळे करावे, कारण ‘लिफ्ट पुन्हा बंद, कमिटी झोपली आहे का’ हा संदेश एकाला तक्रार वाटतो आणि दुसऱ्याला वाद.

मोजताना दोन गोष्टी वेगळ्या टिपाव्यात. पहिली म्हणजे सूचना कोणत्या वेळी पडल्या आणि त्यांच्या पाठोपाठ किती वेळात दुसरे विषय सुरू झाले. दुसरी म्हणजे एकाच सूचनेवर किती जणांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. दुसऱ्या टिपणातून अनेकदा कळते की गर्दीचे कारण निम्म्याने तरी सूचना लिहिणाऱ्याकडेच आहे. त्याचा विचार टप्पा ४ मध्ये केला आहे.

*इशारा:* कोणी किती अवांतर संदेश टाकले याची नावनिशीवार यादी करू नये. अशी यादी एकदा तयार झाली की ती कोणाच्या ना कोणाच्या हाती लागते आणि पुढचे सर्व टप्पे सूड वाटू लागतात.

टप्पा २: जागा वेगळ्या कराव्यात

किमान दोन जागा लागतात. एक ‘सूचना’, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात. दुसरी ‘कट्टा’, जिथे वाढदिवस, सणवार, पाककृती, क्रिकेट आणि सुप्रभात या सर्वांना मोकळीक असते. सध्याचा ग्रुप यांपैकी कशात रूपांतरित करावा, यावर बराच परिणाम ठरतो. माझे स्पष्ट मत असे आहे की जुना ग्रुप कट्टा म्हणून ठेवावा आणि सूचनांसाठी नवा ग्रुप काढावा. लोकांची सवय, आठवणी आणि जुने फोटो जुन्या ग्रुपमध्ये असतात. तिथे एके सकाळी अचानक सर्वांचे लिहिणे बंद केले, तर घरात येऊन तोंड दाबल्यासारखे वाटते आणि दोन दिवसांत ‘आपली सोसायटी – खरा ग्रुप’ अशा नावाचा समांतर ग्रुप उभा राहतो. मग सूचना कुठे टाकायची, हा नवाच घोळ सुरू होतो.

कामाचा क्रम असा ठेवावा.

१. नवा ग्रुप काढून त्याला सोसायटीचे नाव आणि ‘सूचना’ हा शब्द द्यावा. नावात चिन्हे व सजावट घालू नये. शोधताना नाव सरळ सापडले पाहिजे.

२. सदस्य जोडण्यापूर्वीच ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन संदेश पाठवण्याची आणि सदस्य जोडण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवावी. आधी माणसे जोडून नंतर ही सोय बदलली, तर मधल्या दहा मिनिटांत ‘हा कुठला ग्रुप’, ‘मला का घेतले’ असे वीस संदेश पडतात आणि ग्रुपची सुरुवातच गोंधळाने होते.

३. ॲडमिन किमान तीन असावेत आणि ते सर्व एकाच घरातले किंवा एकाच मित्रमंडळातले नसावेत. अध्यक्ष, सचिव आणि कमिटीबाहेरची एक जबाबदार व्यक्ती, ही रचना टिकते. एकच ॲडमिन असेल आणि तो गावी किंवा परदेशी गेला, तर रात्री पाण्याचा पंप बिघडल्याची सूचना टाकायलाही कोणी उरत नाही.

४. प्रत्येक घरातील किमान दोन क्रमांक घ्यावेत. घरमालक दुबईत आणि भाडेकरू इथे, अशी स्थिती असल्यास दोघांनाही घ्यावे. पाणी भाडेकरूचे जाते आणि मेंटेनन्सचा प्रश्न मालकाचा असतो.

५. जोडण्यापूर्वी विचारावे. ग्रुपमध्ये घेतले की त्या व्यक्तीचा क्रमांक इतर सदस्यांना दिसतो. एकट्या राहणाऱ्या मुली, नव्याने आलेले भाडेकरू आणि काही ज्येष्ठ स्त्रिया यांना हे नको असू शकते, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे.

तीन-चार विंग असलेल्या मोठ्या वसाहतीत व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ ही सोय अधिक उपयोगी पडते. २०२२ मध्ये आलेल्या या सोयीत प्रत्येक विंगचा ग्रुप वेगळा राहतो आणि घोषणांचा एक सामाईक ग्रुप सर्वांना मिळतो. घोषणांच्या ग्रुपमध्ये सामान्य सदस्यांचे क्रमांक एकमेकांना उघड होत नाहीत, हा तिचा मोठा फायदा आहे. शंभराच्या आतल्या घरांना मात्र दोन साधे ग्रुप पुरतात. एका साध्या ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य मावतात.

तक्रारींसाठी तिसरा ग्रुप काढावा, अशी सूचना हमखास येते. ती स्वीकारू नये. तक्रार करणाऱ्याला उत्तर हवे असते आणि ग्रुपवर त्याला मिळतात ती बारा जणांची मते. तक्रारींसाठी सोसायटीच्या कार्यालयातील नोंदवही किंवा एक ठरलेला क्रमांक असावा, तक्रारीची तारीख लिहिली जावी आणि काम कधी झाले तेही लिहिले जावे.

*तपासणी:* सूचना ग्रुप सुरू केल्यावर ॲडमिन नसलेल्या दोघांच्या फोनवरून लिहून पाहावे. त्यांना लिहिता येत नसेल तरच सदस्य जोडायला घ्यावेत.

टप्पा ३: नियम थोडक्यात लिहून सभेत मांडावेत

लांबलचक नियमावली कोणी वाचत नाही. फोनच्या एका पडद्यावर मावेल इतकाच मजकूर असावा आणि त्यात ‘करू नये’ यापेक्षा ‘कुठे करावे’ हे अधिक असावे. ज्याला ‘हे इथे नको’ एवढेच सांगितले जाते, त्याला पुढे काय करायचे ते समजत नाही. आम्ही वापरत असलेला मजकूर पुढे देत आहे. आपल्या गरजेनुसार त्यात बदल करावा.

> या कट्ट्यावर गप्पा, शुभेच्छा, विचारणा आणि मदत यांचे स्वागत आहे.
> सोसायटीच्या सूचना फक्त सूचना ग्रुपवर येतील. तक्रार कार्यालयातील नोंदवहीत लिहावी.
> वाढदिवसाला पहिली शुभेच्छा लिहावी. इतरांनी त्याच संदेशावर चिन्हाने प्रतिसाद द्यावा.
> रात्री १० ते सकाळी ७ फक्त तातडीचे संदेश टाकावेत.
> राजकीय पक्ष, धर्म आणि जात यांवरील मजकूर व फॉरवर्ड टाकू नयेत.
> घरगुती व्यवसायाची जाहिरात रविवारी, एकदाच.
> इतरांच्या मुलांचे, घराचे किंवा गाडीचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नयेत.
> ग्रुपमधून मिळालेल्या क्रमांकावर कामाशिवाय खासगी संदेश पाठवू नयेत.

शेवटच्या ओळीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. बहुतेक नियमावल्यांत ती नसते आणि तिच्या अभावी सर्वाधिक त्रास स्त्रियांना होतो. ग्रुपवर एखादीने वरणफळांची कृती टाकली, म्हणून तिला अनोळखी रहिवाशाकडून रात्री अकरा वाजता ‘जेवण झाले का’ असा खासगी संदेश येणे, हे अनेक ठिकाणी घडते आणि ती बहुधा कोणाजवळ बोलत नाही. ती फक्त ग्रुपवर लिहिणे थांबवते. नियम लिखित असेल तर तिला तक्रार करण्यास आधार मिळतो. अशी तक्रार ज्या ॲडमिनकडे नेता येईल, त्या तिघांमध्ये किमान एक स्त्री असावी.

फॉरवर्डविषयीचा नियम समजावून सांगताना व्हॉट्सॲपच्याच खुणांचा उपयोग करावा. एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला संदेश. दोन बाण म्हणजे अनेकांच्या हातून आलेला संदेश. दोन बाणांचा मजकूर मूळ कोणी लिहिला हे पाठवणाऱ्याला माहीत असण्याची शक्यता फारच कमी असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या वेळी मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यावर मर्यादा आणली. ‘खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी म्हणून टाकते’ असे म्हणणाऱ्यांना ही घटना शांतपणे सांगावी. काळजीपोटी पाठवलेल्या संदेशानेही माणसे मरतात.

नियमांचा मसुदा कमिटीच्या सभेत मांडून इतिवृत्तात नोंदवावा. मग तो कोणा एकाचा हुकूम राहत नाही. त्यानंतर तो ग्रुपच्या वर्णनात टाकावा आणि संदेश म्हणून वर पिन करावा. पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस राहतो. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो पुन्हा पिन करण्याची जबाबदारी एका ॲडमिनवर सोपवावी.

टप्पा ४: सूचना अशी लिहावी की प्रश्नच उरू नये

अवांतर गर्दीचा मोठा भाग अपुऱ्या सूचनेतून जन्मतो. एक उदाहरण जवळून पाहू. पुढील सूचना आमच्याकडे एकदा खरोखर गेली होती:

> उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे.

यावर कट्ट्यावर आलेले प्रश्न असे होते: उद्या म्हणजे सोमवार की मंगळवार? (सूचना रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी पडली होती.) पूर्ण दिवस की सकाळीच? पिण्याचे की वापराचे? ए विंगलाही का? टँकर मागवला आहे का? प्रत्येक प्रश्नाला तीन जणांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांपैकी दोन चुकीची होती आणि चुकीच्या उत्तरावरून पुढचा वाद सुरू झाला. तीच सूचना पुढीलप्रमाणे लिहिली असती, तर हे सर्व टळले असते:

> पाणी बंद – मंगळवार, सकाळी ६ ते दुपारी २.
> कोणाला: ए आणि बी विंग. सी विंगचा पुरवठा सुरू राहील.
> कारण: वरच्या टाकीची सफाई.
> काय करावे: सोमवारी रात्री ९ पर्यंत पाणी भरून ठेवावे.
> पर्याय: तळमजल्यावरील नळाला सकाळी ८ ते ९ पाणी मिळेल. ज्येष्ठांना वर पोहोचवण्यासाठी वॉचमनला सांगावे.
> शंका: फक्त सचिवांच्या क्रमांकावर.

पहिल्या ओळीत विषय, वार आणि वेळ असावी, कारण फोनच्या वरच्या पट्टीवर तेवढेच दिसते. तारखेसोबत वार लिहावाच. पत्राचा नुसता फोटो टाकू नये. फोटोतील मजकूर नंतर शोधायला गेले तर सापडत नाही आणि वाचताना ज्येष्ठांना बोटांनी मोठा करून पाहावा लागतो. चूक लक्षात आल्यास पंधरा मिनिटांच्या आत तोच संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतर चूक कळली तर जुना संदेश सर्वांसाठी हटवून नवा टाकावा. ‘वरच्या मेसेजमध्ये ६ ऐवजी ८ वाचावे’ अशी पुरवणी जोडू नये, कारण अनेकांना त्यांतला एकच संदेश दिसतो. ज्या वसाहतीत मराठी न वाचणारी कुटुंबे आहेत, तिथे त्याच संदेशात खाली हिंदी मजकूर द्यावा. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांसाठी महत्त्वाची सूचना आवाजात बोलून पाठवणे हा उत्तम मार्ग आहे; तीस सेकंद पुरतात.

*इशारा:* सर्वसाधारण सभेची नोटीस ग्रुपवर टाकली म्हणजे काम झाले, असे समजू नये. वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि ती उपविधींमध्ये (सोसायटीच्या मंजूर नियमावलीत) सांगितलेल्या पद्धतीनेच सभासदांपर्यंत पोहोचली पाहिजे. ग्रुपवरील संदेश त्याखेरीज, आठवण म्हणून असावा. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावे कट्ट्यावर टाकू नयेत. त्यातून वसुली होत नाही आणि पुढचे सहा महिने वैर मात्र टिकते.

टप्पा ५: पहिला महिना समजावण्यासाठी राखून ठेवावा

नियम लागू झाल्यापासून पहिला महिनाभर कोणालाही काढू नये आणि कोणाचाही संदेश हटवू नये (बीभत्स किंवा द्वेषाचा मजकूर याला अपवाद). या काळात ॲडमिनचे खरे काम ग्रुपबाहेर असते: जिन्यात, बागेत, लोकांच्या दारात.

आमच्याकडे पहाटे साडेपाचला फुलांचे चित्र आणि सुविचार टाकणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्याविषयी तरुणांच्या सर्वाधिक तक्रारी होत्या. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हटले, “काकू, तुमचं सुप्रभात सात वाजल्यानंतर कट्ट्यावर टाकाल का? पहाटे बाळांच्या आया जाग्या होतात.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, हे गेल्यापासून मी एकटीच असते. मी उठलेय, बरी आहे, हे चार माणसांना कळावं म्हणून टाकते. एखाद्या दिवशी आलं नाही, तर कोणीतरी बेल वाजवेल ना.” त्या दिवसापासून त्यांचा संदेश सात वाजून पाच मिनिटांनी येतो आणि शेजारच्या घरातली मुलगी त्याकडे लक्ष ठेवते. अवांतर वाटणाऱ्या संदेशामागे काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही; म्हणून ज्यांच्या संदेशांची तक्रार सर्वाधिक आहे, त्यांना नियमांचा कागद पाठवण्याआधी प्रत्यक्ष भेटावे.

याच महिन्यात ज्येष्ठांना फोनवर दोन गोष्टी करून दाखवाव्यात: संदेशावर बोट दाबून ठेवून चिन्हाने प्रतिसाद कसा द्यायचा, आणि कट्टा ‘कायमचा म्यूट’ करून सूचना ग्रुपचा आवाज चालू कसा ठेवायचा. या दुसऱ्या गोष्टीमुळेच सारी खटपट सार्थ होते. गर्दीच्या ग्रुपचे खरे नुकसान असे की लोक वैतागून तो म्यूट करतात, आणि मग ज्या दिवशी तातडीची सूचना येते त्या दिवशीही फोन वाजत नाही.

*तपासणी:* महिनाअखेर टप्पा १ मधील मोजणी सात दिवसांसाठी पुन्हा करावी. सूचना ग्रुपवर दिवसाला एखाददुसराच संदेश आणि कट्ट्यावर पूर्वीइतक्याच गप्पा, हे उत्तम लक्षण आहे. कट्टा एकदम शांत झाला असेल, तर लोक घाबरले आहेत किंवा दुसरीकडे गेले आहेत. नियम सैल करावेत.

टप्पा ६: नियम मोडला तर पायऱ्या चढत जावे

पहिली पायरी म्हणजे दहा मिनिटे काही न करणे. पुष्कळदा पाठवणाऱ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते आणि तो संदेश काढून टाकतो.

दुसरी पायरी खासगी संदेशाची. तो त्या व्यक्तीच्या वयाला आणि नात्याला शोभेल असा असावा. “काका, तो व्हिडिओ राजकीय आहे आणि आपण सभेत ठरवलं होतं की असे नकोत. तेवढा काढाल का?” हे पुरते. यात नियम कोणाचा (‘आपण ठरवला’) आणि नेमके काय करायचे, दोन्ही आले. ‘कृपया ग्रुपचा गैरवापर करू नये’ असे सर्वांना उद्देशून लिहिलेले वाक्य सर्वांत निरुपयोगी असते: ज्याच्यासाठी ते असते त्याला ते दुसऱ्यासाठी वाटते आणि ज्याने काहीच केलेले नसते तो मनाला लावून घेतो.

तिसरी पायरी कट्ट्यावर, नाव न घेता, विषय योग्य जागी नेण्याची: “पार्किंगविषयीचे म्हणणे उद्या सायंकाळपर्यंत नोंदवहीत लिहावे, शनिवारच्या सभेत घेऊ.” हे लिहिणाऱ्याने शनिवारी तो विषय खरोखर घ्यावा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही.

चौथी पायरी संदेश हटवण्याची. ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी हटवता येतो आणि तिथे तो ॲडमिनने हटवल्याची खूण राहते. त्यामुळे हटवताच त्या व्यक्तीला कारण कळवावे. उशीर करू नये, कारण सर्वांसाठी हटवण्याची सोय सुमारे अडीच दिवसच असते. धमकी, बदनामी किंवा द्वेष पसरवणारा मजकूर असल्यास हटवण्यापूर्वी वेळ व नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. पुढे पोलिसांकडे जावे लागल्यास त्याची गरज पडते.

शेवटची पायरी कट्ट्यावरून काही काळ बाजूला करण्याची. हा निर्णय एकट्या ॲडमिनने रागाच्या भरात घेऊ नये. तिघांपैकी दोघांची संमती असावी, मुदत ठरलेली असावी (आम्ही पंधरा दिवस ठेवली आहे) आणि मुदत संपताच त्या व्यक्तीला न मागता परत घ्यावे. सूचना ग्रुपवरून मात्र कोणालाही कधीही काढू नये. भांडखोर माणसालाही पाणी कधी बंद आहे हे कळण्याचा हक्क आहे.

ॲडमिन होण्यास अनेक जण कायद्याच्या भीतीने नकार देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात असे म्हटले आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असावा लागतो. मजकूर टाकणारी व्यक्ती स्वतः मात्र जबाबदार राहते. या निकालाने भीती कमी व्हावी, कर्तव्य नव्हे. दिसलेला घातक मजकूर हटवणे हे ॲडमिनचे काम आहेच.

टप्पा ७: वाद पेटला तर, आणि संकट आले तर

रात्री साडेदहाला पार्किंगवरून पाच जण एकमेकांवर तुटून पडले आहेत, अशा वेळी मध्यस्थीचे संदेश घालू नयेत. प्रत्येक संदेश नवे इंधन ठरतो. कट्ट्यावर ‘आज रात्रीपुरते लिहिणे थांबवत आहोत, सकाळी ८ वाजता पुन्हा सुरू करू’ एवढे लिहून परवानगी फक्त ॲडमिनपुरती करावी आणि सकाळी आठला ती न चुकता उघडावी. ॲडमिन स्वतः वादात एक पक्ष असेल, तर हे बटण दुसऱ्या ॲडमिनने दाबावे. सर्वसाधारण सभेने घ्यायचे निर्णय ग्रुपवरील मतदानाने घेऊ नयेत. गणपतीच्या प्रसादाला मोदक की शिरा, यासाठी ती सोय उत्तम आहे. मेंटेनन्स वाढवण्यासाठी ती योग्य नाही.

संकटात वेळेचा नियम गळून पडतो, पण क्रम बदलत नाही. गॅसचा वास आला, कोणी पडले किंवा आग दिसली, तर आधी फोन करावा: कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. त्यानंतर वॉचमनला सांगावे आणि मगच ग्रुपवर लिहावे. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड असे नाव असलेली ‘एपीके’ (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल ग्रुपवर आली, तर ती कोणी उघडण्यापूर्वी हटवावी, ज्याच्या क्रमांकावरून आली त्याला फोन करून सांगावे (त्याचा फोन बहुधा आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो) आणि पैसे गेले असल्यास त्वरित सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवण्यास सांगावे.

दुःखद बातमी हा वेगळा विषय आहे. ती कुटुंबाच्या संमतीने, एकाच व्यक्तीने, अंत्ययात्रेची वेळ आणि ठिकाण यांसह सूचना ग्रुपवर टाकावी. श्रद्धांजली कट्ट्यावर लिहावी आणि त्या दिवशी कट्ट्यावर दुसरे विषय काढू नयेत, अशी विनंती ॲडमिनने स्वतः करावी. आदल्या संदेशात मृत्यूची बातमी आणि पुढच्याच संदेशात केकचा फोटो, हे पाहताना त्या घरातील माणसांना काय वाटते, ते मी पाहिले आहे.

टप्पा ८: दरमहा पंधरा मिनिटांची देखभाल

घर सोडून गेलेल्यांना निरोप देऊन काढावे. आमंत्रणाची लिंक वर्षातून दोनदा तरी बदलावी, कारण ती जुन्या भाडेकरूंकडे, दलालांकडे आणि फेरीवाल्यांकडे पोहोचलेली असते. कोणी गुपचूप ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला मिळते. त्या घरी जाऊन कारण विचारावे आणि सूचना कागदावर हवी आहे का, तेही विचारावे. सूचना ग्रुपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद आहे ना, ते पाहावे, कारण टाकी मागच्या वेळी कधी धुतली हे सहा महिन्यांनी शोधावे लागते. नव्या कुटुंबाला जुने संदेश आपोआप दिसत नाहीत. त्यांना जोडताच नियमांचा मजकूर आणि महत्त्वाचे क्रमांक खासगी संदेशाने पाठवावेत. कमिटी बदलली की नव्या सचिवाला आधी ॲडमिन करावे आणि मगच जुन्याने पायउतार व्हावे.

*अखेरची तपासणी:* तीन महिन्यांनी वेगवेगळ्या मजल्यांवरच्या दहा घरांत जाऊन एकच प्रश्न विचारावा: मागच्या वेळी पाणी बंद होते, ते तुम्हाला कशावरून कळले? सात-आठ घरांनी सूचना ग्रुपचे नाव घेतले, तर रचना लागू पडली आहे. ‘वॉचमनने सांगितले’ किंवा ‘नळ सोडल्यावर कळले’ अशी उत्तरे अधिक आली, तर टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करावी आणि तोपर्यंत प्रत्येक सूचनेची छापील प्रत लिफ्टशेजारच्या फलकावर लावत राहावी.